श्राव्यातीत वायुवेगमापकाच्या चुका आणि दुरुस्त्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्राव्यातीत ध्वनीने वारा मोजणाऱ्या उपकरणाला त्यावर काम करणारी माणसं नुसतं 'सोनिक' म्हणतात. इथेही तेच नाव वापरलं आहे. त्यात फिरणारा एकही भाग नसतो. वाट्यांचा वायुवेगमापक जुना झाला की बेअरिंग कुरकुरतं, वाट्या अडखळतात आणि बघणाऱ्याला लगेच कळतं. सोनिक मात्र चुकत असतानाही सेकंदाला दहा-वीस आकडे देत राहतो, आणि चुकीचे आकडे बरोबर आकड्यांइतकेच नेटके दिसतात. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेगातली २ टक्क्यांची चूक शक्तीच्या हिशोबात सुमारे ६ टक्क्यांवर जाते. म्हणून चूक शोधण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही. पण ती कुठल्या जातीची आहे हे ओळखल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नका.

सोनिक नेमकं काय मोजतो?

वेळ. समोरासमोरच्या दोन ट्रान्सड्यूसरांपैकी (विजेचा ध्वनी आणि ध्वनीची वीज करणाऱ्या तुकड्यांपैकी) एक ध्वनीचा छोटा स्पंद सोडतो, दुसरा तो ऐकतो. मग भूमिकांची अदलाबदल होते. वाऱ्यासोबत जाणारा स्पंद लवकर पोचतो, वाऱ्याविरुद्ध जाणारा उशिरा. हिशोब असा:

वारा = (अंतर ÷ २) × (१ ÷ वाऱ्यासोबतचा वेळ − १ ÷ वाऱ्याविरुद्धचा वेळ)

वजाबाकीच्या जागी बेरीज केली की ध्वनीचा वेग मिळतो आणि त्यावरून हवेचं तापमान काढता येतं. असा मिळालेला वारा फक्त त्या दोन ट्रान्सड्यूसरांना जोडणाऱ्या रेषेवरचा असतो. या रेषेला पुढे 'ध्वनिमार्ग' म्हटलं आहे. दोन ध्वनिमार्ग असतील तर आडव्या पातळीतला वारा कळतो, तीन असतील तर वरखाली जाणाराही. उपकरण जे तीन घटक छापतं ते या ध्वनिमार्गांवरून गणिताने काढलेले असतात. चूक मात्र घडते ध्वनिमार्गावर, आणि हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

वेळ किती बारीक मोजावा लागतो?

ध्वनिमार्ग १५ सेंटिमीटरचा आहे असं धरा. २० अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एवढं अंतर कापायला त्याला सुमारे ४३७ मायक्रोसेकंद लागतात. वारा १ मी./से. असेल तर दोन दिशांच्या वेळांत फरक पडतो जेमतेम २.५५ मायक्रोसेकंदांचा. १ सेंटिमीटर प्रति सेकंद इतका बारीक वारा ओळखायचा तर सुमारे २५ नॅनोसेकंदांचा फरक पकडावा लागतो. हे आकडे डोक्यात ठेवा. खालच्या बहुतेक चुकांचा आकार त्यांच्यावरूनच काढला आहे. तुमच्या उपकरणाचं अंतर वेगळं असेल तर आकडे त्या प्रमाणात बदलून घ्या.

तापमानाबरोबर ध्वनीचा वेग बदलतो. मग वाऱ्याच्या मापात चूक येत नाही का?

दोन्ही दिशांचे वेळ स्वतंत्रपणे मोजले असतील तर हवेच्या तापमानामुळे येत नाही. वरच्या सूत्रात व्यस्त घेऊन वजाबाकी केली की ध्वनीचा वेग आपोआप गळून पडतो. सोनिकच्या रचनेतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

दोन ठिकाणी मात्र तापमान आत शिरतं. काही साध्या, घरी जुळवलेल्या रचनांत दोन वेळ न मोजता फक्त त्यांच्यातला फरक मोजतात आणि ध्वनीचा वेग गृहीत धरतात. तिथे उत्तर ध्वनीच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं, आणि तो वर्ग निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. गृहीत धरलेलं तापमान १० अंशांनी चुकलं की वारा सुमारे ३.४ टक्क्यांनी चुकतो. जमत असेल तर अशा रचनेत दोन्ही वेळ मोजायला लागा. तापमापी जोडून दुरुस्ती करता येते, पण उन्हात तापलेला तापमापी स्वतःची चूक वाऱ्यात मिसळतो.

दुसरी वाट ट्रान्सड्यूसर आणि इलेक्ट्रॉनिक्समधून जाते. विजेचा झटका मिळाल्यापासून ट्रान्सड्यूसर प्रत्यक्ष थरथरेपर्यंत, आणि स्पंद पोचल्यापासून तो ओळखला जाईपर्यंत थोडा विलंब होतो. हा विलंब थंडीत आणि उन्हात एकसारखा राहत नाही. हवेचं तापमान सूत्रातून गळतं, उपकरणाचं गळत नाही.

वारा अजिबात नसतानाही शून्य येत नाही. काय करावं?

दोन दिशांचे विलंब एकमेकांशी जुळत नाहीत, असा याचा अर्थ. १५ सेंटिमीटरच्या ध्वनिमार्गात २५ नॅनोसेकंदांची तफावत पडली तरी १ सेंटिमीटर प्रति सेकंदाचा खोटा वारा कायमचा चिकटतो. जोराच्या वाऱ्यात तो जाणवत नाही. मंद वाऱ्यात दिशासुद्धा फिरवून टाकतो.

तपासणी सोपी आहे, पण घाईने करू नये. उपकरण एका मोठ्या बंद पेटीत किंवा पिशवीत अशा रीतीने ठेवा की भिंत कुठल्याही ध्वनिमार्गाला खेटणार नाही. नाहीतर परावर्तित ध्वनी खऱ्या स्पंदात मिसळतो. खोलीतले पंखे बंद करा. उपकरण चालू करून तापमान स्थिर होईपर्यंत थांबा. पेटीचा तळ गरम आणि झाकण थंड असेल तर आतल्या आत हवा फिरू लागते आणि तुम्ही तीच मोजत बसता. म्हणून पेटीवर ऊन किंवा दिव्याची उष्णता पडू देऊ नका. निदान दहा मिनिटांची सरासरी घ्या, आणि शक्य असेल तर उपकरण पुढे ज्या तापमानांत काम करणार आहे तशा दोन-तीन तापमानांना हीच चाचणी पुन्हा करा. एका तापमानाला मिळालेलं शून्य दुसऱ्या तापमानाला टिकेलच असं नाही.

मिळालेला फरक वजा करताना तो ध्वनिमार्गांवरच्या वेगांतून वजा करा. उपकरण फक्त काटकोनी घटक देत असेल आणि ते अजून गणिताने दुसऱ्या अक्षांवर फिरवलेले नसतील तर त्यांच्यातून केलेली वजाबाकीही गणिताने तीच ठरते. पण निर्देशांक (म्हणजे घटकांचे अक्ष) असे फिरवून झाल्यावर तोच आकडा वजा करणं साफ चूक आहे. आयएसओ १६६२२ या २००२ सालच्या मानकात सोनिकच्या स्वीकार-चाचण्या दिल्या आहेत, त्यांत शून्य-वाऱ्याची चाचणीही आहे.

शून्य बरोबर येतं, पण वेग नेहमी काही टक्क्यांनी कमी किंवा जास्त असतो. असं का?

दोन संशयित आहेत: अंतर आणि दोन्ही दिशांना सारखा असलेला विलंब. त्यांना पकडायचं तर सोनिकने दिलेल्या तापमानाकडे बघा. वारा मोजायला आलेली माणसं तापमानाचा रकाना सहसा उघडतही नाहीत. माझ्या मते निदानासाठी त्याच्यासारखा साक्षीदार नाही.

आधी अंतर घेऊ. वाहतुकीत भुजा किंचित वाकली आणि १५ सेंटिमीटरचं अंतर ०.३ मिलिमीटरने कमी झालं असं धरा. उपकरण जुनंच अंतर धरून गणित करतं, म्हणून वारा ०.२ टक्क्यांनी फुगतो. एवढं कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण तापमान ध्वनीच्या वेगाच्या वर्गावरून निघतं, तिथे चूक दुप्पट होते आणि ती निरपेक्ष तापमानावर लागते. २९३ केल्विनचे ०.४ टक्के म्हणजे सुमारे १.२ अंश. शेजारी चांगला, सावलीतला तापमापी असेल तर हा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

आता विलंब. दोन्ही दिशांना सारखा ५ मायक्रोसेकंदांचा विलंब वजा करायचा राहून गेला तर वारा सुमारे २.३ टक्क्यांनी कमी येतो आणि तापमान साडेसहा अंशांच्या आसपास खाली जातं.

म्हणजे सोनिकचं तापमान सतत एकाच बाजूला सरकलेलं दिसलं तर वाऱ्याचा गुणकही सरकला आहे असं समजा. दुरुस्ती अंतराची की विलंबाची, हे ठरवायला अंतर स्वतंत्रपणे मोजावं लागतं. वाकलेली भुजा हाताने सरळ करू नका. नव्याने अंशांकन (माहीत असलेल्या मापाशी जुळवणी) करून घेतलेलं बरं, कारण अंतराबरोबर कोनही बदललेला असतो.

मधूनच वेग एकदम ९-१० मी./से.ने उडी मारतो. हा खरा झोत असेल का?

उडीचा आकार दर वेळी तोच असेल तर तो झोत नाही. उपकरणाने स्पंदाची चुकीची लाट पकडली आहे. ऐकणारा ट्रान्सड्यूसर लाटांच्या मालिकेतली एक ठरावीक लाट ओळखून वेळ नोंदवतो. सिग्नल कमजोर झाला की त्याची नजर पुढच्या किंवा मागच्या लाटेवर जाते, आणि वेळ एका पूर्ण आवर्तनाने चुकतो.

४० किलोहर्ट्झला एक आवर्तन २५ मायक्रोसेकंदांचं असतं. १५ सेंटिमीटरच्या ध्वनिमार्गात एका दिशेला अशी एक लाट चुकली तर सुमारे ९ ते १० मी./से.चा खोटा वारा निर्माण होतो, आणि त्याच क्षणी त्या ध्वनिमार्गावरचं तापमान १५ ते १८ अंशांनी हलतं. २०० किलोहर्ट्झला आवर्तन ५ मायक्रोसेकंदांचं असतं. तिथे उडी सुमारे २ मी./से.ची आणि तापमानातला बदल तीन अंशांहून थोडा जास्त. खऱ्या झोताने तापमान असं कधी उडत नाही. दोन्ही रकाने एकाच वेळी ठरावीक मापाने उडाले की निदान पक्कं झालं.

जास्त भीती वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. दोन्ही दिशांना एकेक लाट चुकली तर वाऱ्यात उडी दिसतच नाही. ४० किलोहर्ट्झच्या याच उदाहरणात वारा निमूटपणे दहा टक्क्यांनी कमी होतो, आलेख गुळगुळीत राहतो, आणि फक्त तापमान तीसेक अंशांनी खाली पडलेलं असतं. ज्याने तापमान जपून ठेवलं नाही त्याला ही चूक कधीच सापडणार नाही.

कच्चे वेळ साठवलेले असतील तर चुकलेलं आवर्तन वजा किंवा मिळवून नोंद वाचवता येते. फक्त वारा साठवला असेल तर ती नोंद टाकून द्या. आणि सिग्नल कमजोर का झाला ते शोधा: ट्रान्सड्यूसर मळला आहे, ओला आहे, की म्हातारा झाला आहे.

बाकीचे काटे (आलेखात क्षणभर उसळणारे खोटे आकडे) कसे काढायचे?

नियम लावून, आणि हात आखडता घेऊन. सगळ्यांत आधी उपकरण स्वतः देतं तो निदान-संकेत वाचा. त्याने 'ही नोंद वाईट' म्हटलं असेल तर पुढची चर्चा नको. त्यानंतर शक्य कोटीबाहेरचे आकडे. उरलेल्यांसाठी सरकत्या खिडकीतल्या मध्यकापासूनचं अंतर बघा. सरासरी आणि प्रमाण विचलनापेक्षा मध्यक बरा, कारण मोठा काटा विचलनालाच फुगवतो आणि त्याच्या आड लपून बसतो.

सलग चार-पाच नमुन्यांहून जास्त काळ टिकणारी गोष्ट सहसा काटा नसते. खरा झोत कापून टाकला तर खळबळाटाचं (वाऱ्यातल्या भोवऱ्यांच्या चढउतारांचं) माप कमी येतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की त्या दिवशी हवा शांत होती. काढलेल्या नोंदींची टक्केवारी प्रत्येक सरासरीच्या शेजारी लिहा. ती फार वाढली तर ती सरासरीच वापरू नका.

पाऊस, दव, बर्फ, कोळ्याचं जाळं?

ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर बसलेला थेंब ध्वनीचा मार्ग बदलतो आणि सिग्नल खातो. खालच्या, आकाशाकडे तोंड असलेल्या ट्रान्सड्यूसरवर थेंब जास्त काळ टिकतो, म्हणून काही उपकरणांत पाणी ओढून घेणाऱ्या कापडी वाती लावतात. थंड जागी गरम होणारे ट्रान्सड्यूसर वापरतात. ओल्या काळातल्या नोंदी गणिताने दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. थेंब कुठे, केवढा, किती वेळ होता हे कुणालाच ठाऊक नसतं. त्या काळावर खूण करा आणि वगळा. कोळ्याच्या जाळ्याचा एखादा धागा चालून जातो, पण दव धरून लोंबणारं जाळं चालत नाही. पक्षी बसत असतील तर टोकदार काट्या लावा, फक्त त्या ध्वनिमार्गापासून दूर असू द्या.

ट्रान्सड्यूसरचाच आडोसा वाऱ्याला होतो म्हणतात. तो किती मोठा?

दुर्लक्ष करता येणार नाही इतका. वारा ध्वनिमार्गाच्या दिशेने वाहत असेल तेव्हा वाऱ्याकडच्या ट्रान्सड्यूसरमागे मंद हवेचा पट्टा तयार होतो, आणि ध्वनी नेमका त्याच पट्ट्यातून जातो. मोजलेला वारा कमी येतो. वारा ध्वनिमार्गाला जितका आडवा, तितका हा परिणाम कमी.

चंद्रन कैमल यांनी १९७९ साली यासाठी एक साधं सूत्र दिलं. वारा आणि ध्वनिमार्ग यांच्यातला कोन ० ते ७० अंश असेल तर

मोजलेला घटक = खरा घटक × (०.८४ + ०.१६ × कोन ÷ ७०)

आणि ७० अंशांच्या पुढे दुरुस्तीच नाही. म्हणजे वारा थेट ध्वनिमार्गावरून वाहत असेल तर तो १६ टक्के कमी मोजला जातो. कोन ६० अंश असेल तर सुमारे २.३ टक्के. हे आकडे कैमल यांच्या उपकरणाच्या रचनेचे आहेत. ट्रान्सड्यूसरच्या जाडीच्या मानाने ध्वनिमार्ग जितका आखूड, तितका आडोसा मोठा. तुमच्या उपकरणाला हेच गुणक डोळे झाकून लावू नका.

बराच काळ असा समज होता की तिरप्या ध्वनिमार्गांच्या त्रिमितीय सोनिकना या दुरुस्तीची गरज नाही, कारण साधारण आडवा वारा त्यांच्या ध्वनिमार्गांना मोठ्या कोनातच भेटतो. २०१५ साली टॉम हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी अशाच एका रचनेसाठी दुरुस्ती बसवली, तेव्हा उभ्या वाऱ्याचं प्रसरण (म्हणजे सरासरीभोवतीच्या चढउतारांचं माप) आणि त्यावर अवलंबून असलेले उष्णता-बाष्पाचे प्रवाह ३ ते ५ टक्क्यांनी वाढले. पृष्ठभाग आणि हवा यांच्यातल्या ऊर्जेच्या ताळेबंदाशी झगडणाऱ्यांसाठी हा आकडा मोठा आहे.

करायची रीत अशी. काटकोनी घटकांना उलट गणिताने पुन्हा ध्वनिमार्गांवर न्या. मोजलेल्या वाऱ्यावरून प्रत्येक ध्वनिमार्गाशी होणारा कोन काढा, गुणकाने भागा, नवा वारा काढा. पण नव्या वाऱ्याचा कोन थोडा वेगळा निघतो, म्हणून तेच पुन्हा करा. काही फेऱ्यांत आकडे स्थिरावतात. हे प्रत्येक कच्च्या नमुन्यावर करायचं. दहा मिनिटांच्या सरासरीवर करून उपयोग नाही, कारण खळबळाटात कोन क्षणाक्षणाला बदलतो. उपकरणाच्या फर्मवेअरमध्ये (आत भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) ही दुरुस्ती आधीच चालू आहे का, ते पुस्तिकेत नक्की बघा. एकच आडोसा दोनदा काढला की चूक उलट्या बाजूला जाते.

वातबोगद्यात अंशांकन करून घेतलं की सगळे प्रश्न सुटतात का?

नाही. बोगद्यातला प्रवाह गुळगुळीत असतो, मोकळ्या हवेतला खळबळणारा. ट्रान्सड्यूसरमागचा मंद पट्टा खळबळाटात वेगळा वागतो. म्हणून बोगद्यात अंशाअंशाला फिरवून काढलेला तक्ता मैदानात गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करू शकतो. सरासरी वेगाचा गुणक आणि एखाद्या दिशेला होणारी ठळक चूक तपासायला बोगदा उत्तम आहे. खळबळाटाच्या मापासाठी मला मैदानातली शेजारी-शेजारी तुलना जास्त विश्वासाची वाटते: दोन वेगळ्या रचनांचे सोनिक एकाच उंचीवर, एकमेकांच्या आडोशाबाहेर, बऱ्याच दिशांचा वारा येऊन जाईपर्यंत ठेवायचे.

फर्मवेअरमुळेही चूक होते का?

होते, आणि तिचं एक गाजलेलं उदाहरण आहे. गिल कंपनीच्या विंडमास्टर आणि विंडमास्टर प्रो या सोनिकांपैकी २००६ ते २०१५ या काळात विकल्या गेलेल्या उपकरणांत उभा वारा कमी येत होता. २३२९ मालिकेतलं, ७०० क्रमांकाच्या आधीचं फर्मवेअर असलेली ही उपकरणं. कंपनीने नंतर दुरुस्ती जाहीर केली: वर जाणाऱ्या वाऱ्याला १.१६६ ने आणि खाली जाणाऱ्याला १.२८९ ने गुणायचं.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात असं मला मनापासून वाटतं. गुणक वर आणि खाली वेगळे आहेत, म्हणून ते कच्च्या नमुन्यांनाच, निर्देशांक फिरवण्याआधी लावायला हवेत. फिरवून झाल्यावर कुठला नमुना मूळचा वरचा आणि कुठला खालचा हे हरवतं. आणि फर्मवेअरचा क्रमांक ज्यांनी वहीत लिहून ठेवला होता त्यांना आपल्या जुन्या नोंदी विनासायास वाचवता आल्या. आजच तुमच्या उपकरणाला क्रमांक विचारा आणि तारखेसह लिहा.

सोनिकचं तापमान हवेच्या तापमानाशी जुळत नाही. ते बिघडलेलं आहे का?

बहुधा नाही. दमट हवेत ध्वनी थोडा जास्त वेगाने जातो, आणि सोनिक तो सगळा वाढीव वेग तापमानाच्या खात्यात टाकतो. सोनिक तापमान = खरं तापमान × (१ + ०.५१ × विशिष्ट आर्द्रता), तापमान केल्विनमध्ये. हवेत किलोला १५ ग्रॅम बाष्प असेल तर ३०० केल्विनला हा फरक सुमारे २.३ अंशांचा होतो. आभासी तापमानाच्या (बाष्पामुळे हलक्या झालेल्या हवेचा हिशोब धरणाऱ्या तापमानाच्या) सूत्रात ०.५१ च्या जागी ०.६१ असतं. दोन्ही जवळची आहेत, पण एक नाहीत. त्यांची गल्लत नेहमी होते.

दुसरं कारण आडवा वारा. ध्वनिमार्गाला आडवा वारा असला की स्पंदाला थोडं तिरकं जावं लागतं, दोन्ही दिशांना जास्त वेळ लागतो, आणि हवा आहे त्यापेक्षा थंड वाटते. दुरुस्ती म्हणून आडव्या वेगाचा वर्ग भागिले ४०३ एवढे अंश मिळवायचे: १० मी./से.ला पाव अंश, २० मी./से.ला जवळजवळ १ अंश. काही उपकरणं हे आतच करतात. पुस्तिका वाचल्याशिवाय पुन्हा करू नका. वर सांगितलेला तापमानाचा साक्षीदार उभा करण्याआधी या दोन्ही गोष्टी हिशोबातून काढाव्या लागतात.

सोनिक किंचित कलला असेल तर?

आडव्या वेगात काही बिघडत नाही, उभ्यात सगळं बिघडतं. ५ मी./से. वाऱ्यात १ अंश कल म्हणजे जवळजवळ ९ सेंटिमीटर प्रति सेकंदाचा खोटा उभा वारा. खरा सरासरी उभा वारा बहुतेक वेळा याहून लहान असतो.

यावरचा एक उपाय म्हणजे प्रत्येक सरासरी-काळासाठी निर्देशांक असे फिरवणं की सरासरी उभा वारा शून्य होईल. सपाट, मोकळ्या जागी हे ठीक चालतं. मंद वाऱ्यात मात्र कोन वेड्यासारखे बदलतात. अशा वेळी अनेक दिवसांच्या नोंदींवरून एक पातळी (सपाट प्रतल) बसवून तिच्या हिशोबाने फिरवणं जास्त स्थिर असतं. उतारावरच्या जागेसाठी मी तेच निवडेन. फक्त मधल्या काळात कुणी उपकरण हलवलं असेल तर आधीची पातळी आणि नंतरची पातळी वेगळी बसवा. शून्याचा फरक आणि कल यांची चित्रं निराळी असतात: कलामुळे आलेला खोटा उभा वारा वेगाबरोबर वाढतो, शून्याचा फरक वाढत नाही. उभा वारा विरुद्ध वेग असा आलेख काढला की दोन्ही वेगळे दिसतात.

दिशा चुकते, ती कशी सुधारायची?

उपकरणावरची उत्तरेची खूण खऱ्या उत्तरेकडे वळवा. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, म्हणून त्या जागेचं चुंबकीय दिक्पात मिळवा किंवा वजा करा. लोखंडी मनोऱ्याला खेटून होकायंत्र वापरू नका. दूरची ओळखीची खूण आणि नकाशा जास्त भरवशाचे.

मनोऱ्याचा अडथळा गणिताने काढता येतो का?

मनोऱ्यामागून येणारा वारा दुरुस्त होत नाही. तेवढ्या दिशा वगळाव्या लागतात. सोनिक लांब भुजेवर, नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेला तोंड करून बसवला तर वगळायचं प्रमाण कमी होतं. दोन वेगळ्या बाजूंना दोन सोनिक असतील तर त्यांच्या वेगांचं गुणोत्तर दिशेनुसार मांडा. आडोशाची दिशा आलेखात खड्ड्यासारखी दिसते आणि वगळायची हद्द आपोआप ठरते.

शेजारच्या वाट्यांच्या वायुवेगमापकाशी आकडा जुळत नाही. चूक कुणाची?

कदाचित कुणाचीच नाही. आधी सरासरीची रीत तपासा. सोनिकचे घटक आधी सरासरी करून मग वेग काढला तर ती सदिश सरासरी. वाट्या देतात ती अदिश सरासरी. वारा दिशा बदलत राहिला की सदिश सरासरी नेहमी कमी येते. सोनिकच्या प्रत्येक नमुन्याचा वेग काढून मग सरासरी घेतली तरच तुलना न्याय्य. झोतांचं तसंच. जागतिक हवामान संघटनेच्या रीतीने सरासरी १० मिनिटांची, झोत ३ सेकंदांच्या सरासरीचा आणि नमुने पाव सेकंदाला एक. सोनिकच्या एकट्या नमुन्यातलं सर्वोच्च माप झोत म्हणून दिलं तर ते फुगलेलंच असणार.

मग वाट्यांचे दोष आठवा. त्या झोताबरोबर पटकन वेग घेतात आणि झोत ओसरला तरी हळू मंदावतात, म्हणून खळबळाटात थोडं जास्त मोजतात. अगदी मंद वाऱ्यात त्या फिरतच नाहीत. सोनिकला वाट्यांशी जुळवण्यासाठी गुणक लावणं म्हणजे एकाची चूक दुसऱ्यावर लादणं.

जमिनीजवळ मोजताना वेगळी काळजी लागते का?

लागते. सोनिक एका बिंदूवरचा वारा मोजत नाही, पूर्ण ध्वनिमार्गावरची सरासरी मोजतो. ध्वनिमार्गाच्या सुमारे सहापट लांबीहून, म्हणजे १५ सेंटिमीटरसाठी साधारण १ मीटरहून, लहान भोवरे त्यात पुसट होतात. उंच मनोऱ्यावर महत्त्वाचे भोवरे मोठे असतात, फारसं नुकसान होत नाही. जमिनीलगत ते लहान असतात आणि माप लक्षणीय घटतं. वर्णपटावरून (कुठल्या आकाराच्या भोवऱ्यांत किती ऊर्जा आहे त्या आलेखावरून) दुरुस्ती करता येते, पण जास्त उंचीवर बसवणं किंवा आखूड ध्वनिमार्गाचं उपकरण घेणं जास्त सरळ.

दुरुस्त्या कुठल्या क्रमाने कराव्यात?

आधी निदान-संकेत, अशक्य आकडे आणि लाट चुकलेल्या नोंदी. मग फर्मवेअरची दुरुस्ती आणि शून्याचा फरक. नंतर ध्वनिमार्गांवर जाऊन आडोशाची दुरुस्ती, तापमानासाठी आडव्या वाऱ्याची. त्यानंतरच निर्देशांक फिरवणं आणि शेवटी सरासरी. आर्द्रतेची दुरुस्ती सरासरीनंतरही चालते. क्रम उलटा झाला तर बरोबर सूत्रही चुकीच्या आकड्याला लागतं, आणि नंतर ते ओळखता येत नाही.

काय काय जपून ठेवावं?

कच्चे नमुने, न दुरुस्त केलेले, तापमान आणि निदान-संकेतासह. शक्य असेल तर कच्चे वेळही. उपकरणाचा अनुक्रमांक, फर्मवेअरचा क्रमांक, आत चालू असलेल्या दुरुस्त्यांची यादी, उत्तरेची खूण कुठे होती, भुजेचं फोटोसह मोजमाप, शून्य-चाचणीच्या तारखा आणि त्या वेळचं तापमान. उपकरण खाली उतरवलं, पुसलं, हलवलं, तर त्या दिवसाची नोंद. गाजलेली फर्मवेअरची चूक नऊ वर्षं चालू होती, आणि ज्यांच्याकडे कच्चे नमुने होते त्यांची ती नऊ वर्षं परत मिळाली.